गुलाबतुरा आणि रिकामी अंडी : वायनडॉट प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी

यंदाचं काम असं : सिल्व्हर लेस्ड वायनडॉट या कोंबड्यांच्या जातीच्या आमच्या वाणात रिकामी, म्हणजे फलित न झालेली, अंडी दरवर्षी का वाढतायत ते शोधायचं, आणि ते करता करता प्रदर्शनात उभे करता येतील असे पक्षीही काढायचे. ही दोन कामं एकमेकांच्या आड येतात, असा मला दाट संशय आहे.

ज्यांनी ही जात पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. वायनडॉट अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली. आधी तिला ‘अमेरिकन सीब्राइट’ म्हणत. प्रत्येक जातीचा आदर्श पक्षी कसा असावा ते सांगणाऱ्या, अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या मानकग्रंथाची पहिली आवृत्ती १८७४ची. त्यात सिल्व्हर लेस्ड वायनडॉट दाखल झाली १८८३ साली. चंदेरी पांढरं पीस आणि त्याला कडेने काळी रेघ, ही रेघ म्हणजे लेसिंग. पूर्ण वाढलेला कोंबडा साडेआठ पौंड, म्हणजे सुमारे ३.९ किलो, कोंबडी साडेसहा पौंड, म्हणजे सुमारे ३ किलो. अंगाला कुठेही कोन नको, सगळा गोलावा. आणि डोक्यावर गुलाबतुरा : बसका, रुंद, वरून बारीक दाणेदार, मागचं टोक कवटीच्या वळणाने खाली झुकलेलं. एकेरी, करवतीसारखा उभा तुरा असेल तर पक्षी थेट बाद.

कोंबड्या २२ डिसेंबरपासून नरांपासून लांब ठेवल्या आहेत. कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्राणू साठवणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. नर एकदा लागला की पुढचे दोन-तीन आठवडे फलित अंडी येत राहतात. जुन्या नराचा हा साठा संपल्याशिवाय नव्या नराचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

१४ जानेवारी

आज नर सोडले.

कप्पा अ : २१ नंबर. गेल्या मोसमातला आमचा बिनीचा कोंबडा. तुरा असा की मानकग्रंथातलं चित्र त्याच्यावरूनच काढलं असावं.

कप्पा ब : ३४ नंबर. अंगाने चांगला, लेसिंग स्वच्छ, पण तुरा जाडाभरडा, मधे खळगा, मागचं टोक वर उचललेलं. परीक्षक त्याच्या पिंजऱ्यापुढे फार थांबत नाहीत.

दोन्ही कप्प्यांत पाच-पाच कोंबड्या, सख्ख्या बहिणी दोन्हीकडे वाटून दिलेल्या. म्हणजे फरक पडलाच तर तो नरांचा, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येईल.

नर सोडण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेपटीखालची पिसं कातरली. वायनडॉटला तिथे एवढा दाट कापूस असतो की नर लागला तरी काम पुरं होत नाही. अंडी रिकामी निघाली की पाळक पहिल्यांदा याच कापसाला दोष देतात, आणि तो पुष्कळदा खराही असतो. म्हणून ते कारण आधीच बाद करून टाकलं. कात्री कातडीला समांतर धरायची आणि नराच्या शेपटीखालचीही पिसं कातरायची; माणसं फक्त कोंबड्यांचीच कातरतात.

२० जानेवारी

दोन्ही नर कामाला लागले आहेत. २१ उलट जास्तच उत्साही, ३४ जरा सावकाश. तेव्हा ‘नर आळशी आहे’ हे कारणही गेलं. उजेड डिसेंबरपासूनच चौदा तासांवर नेलेला आहे.

३१ जानेवारी

२५ तारखेपासूनची अंडी जमवली. सात दिवसांपेक्षा जुनं अंडं ठेवत नाही. पुढे उबवण घसरत जाते. जागा थंड, साधारण १५ अंशांची, अंड्याचं निमुळतं टोक खाली. घरट्यांना ट्रॅप, म्हणजे कोंबडी आत गेली की मिटणारी दारं, लावलेले असल्यामुळे कुठलं अंडं कोणाचं ते कळतं. पेन्सिलने कोंबडीचा नंबर टाकला आहे. शाईचं पेन वापरू नये, कवचाला छिद्रं असतात.

वेड्यावाकड्या आकाराची काही अंडी उबवायला नको म्हणून बशीत फोडून पाहिली. बलकावर पांढरा ठिपका असतो तो बघायचा. फलित अंड्यात तो मोठा, गोल, कडेला फिकट कडं आणि मधे जरा आरपार दिसणारा. रिकाम्या अंड्यात ठिपका लहान, गच्च पांढरा, कडा ओबडधोबड. बशी खिडकीजवळ तिरपी धरली की भिंगाशिवायही दिसतं. कप्पा ब मधल्या सगळ्या अंड्यांत कडं होतं. अ मधल्या बहुतेकांत गच्च ठिपका. पाच-सहा अंड्यांवरून निष्कर्ष काढू नये हे खरं, पण मनात आकडेमोड सुरू झालीच.

१ फेब्रुवारी

अंडी उबवायला लावली. पंखा असलेलं उबवणी यंत्र, ३७.६ अंश, आर्द्रता ४५ ते ५० टक्के.

८ फेब्रुवारी

सातव्या दिवसाचं कँडलिंग, म्हणजे अंडं दिव्यासमोर धरून आत बघणं.

कप्पा अ : ३० अंडी, १३ रिकामी.
कप्पा ब : २८ अंडी, ३ रिकामी.

रिकामी अंडी फोडून खात्री केली. ती खरोखर रिकामीच होती, आत मेलेला गर्भ नव्हता. उबवणीत किंवा खाद्यात काही चुकलं असतं तर रक्ताचं वलय येऊन थांबलेले गर्भ जास्त दिसले असते. दोन्ही कप्प्यांना खाद्य एक, पाणी एक, उजेड एक.

१० फेब्रुवारी

ही नोंद लांबणार. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

तुऱ्याच्या आनुवंशिकतेचा अभ्यास जुना. विल्यम बेटसन यांनी मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे १९०२च्या सुमाराला दाखवलं ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच. गुलाबतुरा प्रभावी, एकेरी अप्रभावी. गुलाबतुऱ्याच्या जनुकाची एक प्रत असो की दोन, डोक्यावर तुरा गुलाबाचाच येतो; नुसतं बघून एक प्रत की दोन हे सांगता येत नाही.

आता खोच इथे आहे. ज्या नरात दोन्ही प्रती गुलाबतुऱ्याच्या, त्याचे शुक्राणू सुस्त निघतात आणि कोंबडीच्या अंगात फार दिवस टिकतही नाहीत. एक प्रत असलेला नर मात्र ठणठणीत. मादीला एक असो की दोन, तिच्या फलनक्षमतेत फरक पडत नाही. पाळकांना हे फार पूर्वीपासून जाणवत होतं. कारण २०१२ साली सापडलं. सातव्या गुणसूत्रावरचा एक मोठा तुकडा उलटा बसलेला असतो. त्याच्या एका टोकाशी एक जनुक जागा बदलून भलत्या ठिकाणी चालू होतो आणि गुलाबतुरा घडवतो. दुसऱ्या टोकाशी दुसरा एक जनुक मधोमध तुटतो, आणि तो शुक्राणूंच्या हालचालीसाठी लागणारा. तुरा आणि सुस्ती एकाच बदलाची दोन टोकं. निवड करून ती सुटी करता येत नाहीत. (गुलाबतुऱ्याचं आणखी एक रूप सापडलं आहे, त्यात हा दुसरा जनुक शाबूत असतो. पण आपल्या पक्ष्यांत ते आहे असं धरून चालणं म्हणजे लॉटरीवर घर चालवणं.)

यावरून आमच्या वाणाचं काय झालं असावं ते उघड आहे. पिढ्यान् पिढ्या एकेरी तुऱ्याचं पिल्लू निघालं की ते काढून टाकायचं, आणि ज्या जोडीतून ते निघालं ती जोडीही मोडायची. ‘वाण शुद्ध केला’ म्हणून पाठ थोपटून घ्यायची. तुरा शुद्ध होत गेला आणि अंडी रिकामी होत गेली. दोष कोणा एकाचा नाही. मानकग्रंथ पिंजऱ्यातल्या पक्ष्याबद्दल बोलतो, अंड्यातल्याबद्दल नाही.

२१ नंबर दोन प्रतींचा आणि ३४ नंबर एका प्रतीचा, असा माझा अंदाज. सिद्ध काहीच नाही.

१९ फेब्रुवारी

अठरावा दिवस. अंडी फिरवणं बंद, आर्द्रता ६५च्या वर. प्रत्येक कोंबडीची अंडी जाळीच्या वेगळ्या खणात ठेवली, पिल्लांची सरमिसळ नको.

२२ फेब्रुवारी

उबवण पूर्ण. कप्पा ब च्या खणांत तीन पिल्लं एकेरी तुऱ्याची! एक १२ नंबरच्या कोंबडीचं, दोन १८ नंबरची.

पहिल्या दिवशीही तुरा ओळखता येतो. पिल्लू मुठीत धरून चोचीच्या वर, नाकपुड्यांच्या मागे अंगठ्याने लव मागे सारायची. गुलाबतुऱ्याच्या पिल्लाला तिथे रुंद, चपटी, जरा खरखरीत पट्टी दिसते. एकेरीला मधोमध एकच बारीक धार, नखाने ओढलेल्या रेघेएवढी. शंका असेल तर आठवडाभर थांबावं.

एकेरी तुरा यायचा तर आई आणि बाप दोघांकडून अप्रभावी प्रत यावी लागते. म्हणजे ३४ नंबर एका प्रतीचा हे आता पक्कं, आणि १२ व १८ या कोंबड्याही तशाच. कप्पा अ मध्ये एकेरी पिल्लू एकही नाही. पण तिथल्या कोंबड्या दोन प्रतींच्या असतील तर बाप कसाही असला तरी एकेरी पिल्लू निघणारच नाही. २१ची चाचणी बाकीच राहिली.

सगळ्या पिल्लांच्या पायांच्या पडद्यांना आईनुसार भोकं पाडली. तीन एकेरी पिल्लं इतरांसोबतच ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या पेटीत. आजवर ती पहिल्याच दिवशी वेगळी निघायची.

१२ एप्रिल

दुसरी उबवण, फक्त कप्पा ब ची. प्रदर्शन नोव्हेंबरच्या मध्यात. मोठ्या जातीच्या नराला भरायला आठ-नऊ महिने लागतात, म्हणून नर फेब्रुवारीचे. तलंगा मात्र एप्रिलच्या बऱ्या. अंड्यावर येण्याच्या बेतातली तलंग सगळ्यात देखणी दिसते. अंडी सुरू झाली की पायांचा पिवळा रंग उतरायला लागतो, तो आधी चोचीतून आणि मग नडग्यांवरून जातो. या वेळी एकेरी पिल्लू एकच.

२८ एप्रिल

ज्यांच्याकडून आमचे मूळ पक्षी आले त्या ज्येष्ठ पाळकांना फोन केला. रिकाम्या अंड्यांचं सांगितलं, मग आडवळणाने विचारलं, “तुमच्याकडे एकेरी तुऱ्याच्या निघतात का हो कधी?”

“निघतात ना.”

“मग काय करता?”

जरा थांबून म्हणाले, “दोन-तीन ठेवतोच. मागच्या बाजूला. पाहुणे आले की तिकडे नेत नाही.”

हे त्यांनी मला पक्षी देताना सांगितलं असतं तर चार वर्षांचं कोडं सुटलं असतं. पण विचारल्याशिवाय अशी गोष्ट कोण सांगतं? हसलो दोघेही. त्यांच्याकडे गुणसूत्राचा हिशेब नाही. त्यांच्या आधीच्या पाळकाने सांगितलं होतं, ‘एकेरी रक्त तुटू देऊ नकोस’, एवढंच.

१० जून

फेब्रुवारीची पिल्लं पंधरा आठवड्यांची. पहिली खरी निवड. पिल्लपणीची पिसं जाऊन येतात ती पिसं लेसिंगचं खरं बोलतात. क्रम नेहमीचा : आधी ठेवण, मग पाय आणि बोटं, मग तुरा, शेवटी रंग. डोळा मात्र पहिल्यांदा रंगाकडेच धावतो, म्हणून संध्याकाळच्या मंद उजेडात पक्षी चालताना बघतो. रंग विझतो आणि आकार तेवढा उरतो. उंच पाठीचे, अरुंद छातीचे, शेपूट पाचरीसारखी असलेले बाजूला काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात लेसिंग. पाठीवरचं एक पीस बोटाने उचलून पांढऱ्या कागदावर ठेवायचं. काळी रेघ सलग आणि सारख्या जाडीची हवी. रेघेच्या बाहेर पुन्हा पांढरी किनार आली तर ती फ्रॉस्टिंग. पिसाच्या पांढऱ्या मैदानात काळी मिरपूड सांडल्यासारखी दिसली तर ती मॉसीनेस. कोंबड्यांत ती बहुधा पाठीवर येते. छातीचं लेसिंग सगळ्यांचंच बरं असतं, पाठ पाहिल्याशिवाय खूश होऊ नये.

आणि या सगळ्यांत उत्तम पाठ कुणाची? पिवळी ७, म्हणजे पिवळ्या कड्याची सात नंबरची मादी. आई १८ नंबर, बाप ३४. रेघ मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत कुठे तुटत नाही, पांढरं मैदान दुधासारखं. डोक्यावर पाच दात्यांचा सरळ एकेरी तुरा! ती प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात कधीच जाणार नाही.

तीन एकेरींपैकी दोन माद्या, त्या ठेवल्या. नर आणि बाजूला काढलेले बाकीचे पक्षी अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांकडे गेले.

२४ जुलै

चंदेरी पक्षी उन्हात पिवळसर पडतात, विशेषतः नरांची मान आणि खोगीर, म्हणजे शेपटीच्या पुढचा पाठीचा भाग. नवीन पिसं येत असताना सावली हवीच. खाद्यात पिवळा मका वाढवला तर नडग्या छान पिवळ्या होतात, पण पांढऱ्यावर पितळी झाक चढते अशी अनेक पाळकांची तक्रार. आम्ही मका बेताचा ठेवून हिरवा चारा देतो. दोन्ही हवं तर एवढाच मार्ग दिसतो.

१८ सप्टेंबर

पिंजऱ्याची सवय सुरू. निवडलेले पक्षी दिवसाआड काही तास प्रदर्शनाच्या मापाच्या पिंजऱ्यात. रोज हाताळणं, पंख उघडून दाखवणं, काडीने हलकेच स्पर्श करून उभं राहायला शिकवणं. पिंजऱ्यातून काढताना आणि ठेवताना डोकं पुढे, शेपूट मागे. उलटं केलं की पिसं मोडतात.

फेब्रुवारीच्या एका नराचं शेपटीचं पीस मोडलं. मोडलेलं पीस पीसझडीपर्यंत तसंच राहतं. उपटलं तर साधारण सहा ते आठ आठवड्यांत नवं येतं. प्रदर्शनाला आठ आठवडे आणि एक दिवस. उपटलं.

९ नोव्हेंबर

धुण्याचा दिवस. प्रदर्शनाच्या चार-पाच दिवस आधी धुतलं म्हणजे पिसांवर तेलाचा हात पुन्हा चढायला वेळ मिळतो. आदल्या दिवशी धुतलेला पक्षी केसाळ दिसतो.

तीन टब. पहिल्यात कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू, दुसऱ्यात थोडं व्हिनेगर, म्हणजे साबण सुटतो, तिसऱ्यात नुसतं पाणी. पाणी मनगटाला ऊबदार वाटेल इतकंच. पंख दोन्ही हातांनी मिटून धरायचे आणि पक्षी सावकाश खाली न्यायचा. पहिला अर्धा मिनिट धडपड, मग ऊब लागते आणि डोळे मिटायला लागतात. मान ढिली पडते म्हणून हनुवटीखाली हात ठेवावाच लागतो. पिसं मुळाकडून टोकाकडेच चोळायची. वायनडॉटच्या कापसात पाणी शिरायलाच वेळ लागतो, आणि साबण राहिला तर वाळल्यावर पिसांच्या चिकट काड्या होतात. नडग्यांच्या खवल्यांतला मळ जुन्या दात घासायच्या ब्रशने. पंचा, मग हेअर ड्रायर लांबून.

उपटलेलं पीस आलं आहे, शेजारच्यापेक्षा किंचित आखूड. शेपटीखाली माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) शोधले, नाहीत.

१४ नोव्हेंबर

प्रदर्शन. २१ नंबर कोंबड्यांच्या वर्गात पहिला. फेब्रुवारीच्या नरांपैकी एक तिसरा. परीक्षकांनी छाती भरायची आहे असं म्हटलं, बरोबर होतं. तलंगांत एप्रिलची हिरवी ३ पहिली आली आणि मग सिल्व्हर लेस्ड वाणात सर्वोत्तमही. बाप ३४, आई १८ : पिवळी ७ ची सख्खी बहीण. तलंगेचा तुरा मुळात छोटा, त्यामुळे बापाचा जाडाभरडेपणा तिच्यात जाणवत नाही.

परीक्षकांनी तिच्या पाठीवरचं पीस उचलून बघितलं, शेजारच्या पिंजऱ्यातल्याचं बघितलं, पुन्हा हिचं बघितलं. “पाठ कुठून आणलीत?” असं विचारलं. मी नरांच्या कप्प्याचं सांगितलं. एकेरी बहिणीचंही सांगितलं. भुवया वर गेल्या, पण हसले.

१६ नोव्हेंबर

प्रदर्शनाला गेलेले सगळे पक्षी महिनाभर वेगळ्या जागी. त्यांचं दाणापाणी सगळ्यात शेवटी, चपला वेगळ्या.

२८ डिसेंबर

पुढच्या मोसमाचे कप्पे ठरले. कोंबड्या ४ डिसेंबरपासून नरांपासून वेगळ्या आहेत.

कप्पा अ : २१ नंबर, सोबत फक्त तीन एकेरी तलंगा : पिवळी ७, तिची जोडीदारीण आणि एप्रिलची एक. तिघींची लेसिंग उत्तम. २१ची अंडी बरीच रिकामी जाणार हे धरून माद्या कमी ठेवल्या. आईकडे गुलाबतुऱ्याची प्रतच नाही, त्यामुळे या कप्प्यातलं गुलाबतुऱ्याचं प्रत्येक पिल्लू हमखास एका प्रतीचं. वेगळी चाचणी नको. आणि २१चीही परीक्षा होऊन जाईल : एक जरी एकेरी पिल्लू निघालं तर तो दोन प्रतींचा नाही आणि माझा अंदाज फसला. तो एका प्रतीचा असेल तर सात पिल्लं ओळीने गुलाबतुऱ्याची निघण्याची शक्यता १२८मध्ये एक.

कप्पा ब : ३४ नंबर, सोबत गेल्या वर्षीच्या कप्पा अ मधल्या पाच कोंबड्या. त्या दोन प्रतींच्या असतील तर एकही एकेरी पिल्लू निघणार नाही, तरी निम्मी पिल्लं एका प्रतीची असतील. पुढे प्रदर्शनाचे पक्षी याच पद्धतीच्या कप्प्यातून काढायचे.

हिरवी ३ ला यंदा थांबवलं. १२ आणि १८ राखीव.

शेपटीखालची कात्री १० जानेवारीला.